आरोग्यमंत्री महोदय, रक्तदाब मोजायला पाच मिनिटं द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली. निवृत्त झाले, तरी आसपासच्या गावात तपासणी शिबिर असलं की मदतीला जाते. तिथे रक्तदाब ज्या घाईत मोजला जातो, ते बघवत नाही म्हणून हे पत्र.

अशाच एका शिबिरात साठीच्या एक काकी घाटी चढून आल्या. धाप लागलेली, नुकतीच मशेरी लावलेली. त्यांना लगेच स्टुलावर बसवलं. पाठीला टेकू नाही, पाय अधांतरी, हात मांडीवर, आणि पट्टा बाहीवरूनच गुंडाळलेला. यंत्र सुरू असतानाच सिस्टर विचारत होत्या, "काकी, गोळ्या चालू हत काय? आधार कार्ड आणलंव?" काकी उत्तरं देत होत्या. आकडा आला १६६/९६. मी त्यांना आतल्या खोलीत खुर्चीवर निवांत बसवलं, लघवीला जाऊन यायला सांगितलं, हात टेबलावर ठेवून उघड्या दंडावर पट्टा बांधला आणि बोलू दिलं नाही. आता आकडा १३६/८४ होता. पहिल्या आकड्यावर त्यांना जन्माची गोळी लागली असती.

यात यंत्राचा दोष नव्हता. १९०५ साली कोरोटकॉफ यांनी दाखवून दिलेली रीत अशी: पट्टा फुगवून दंडाची रोहिणी दाबायची, मग हवा हळूहळू सोडायची. स्टेथोस्कोपमध्ये ठोके ऐकू यायला लागतात तो वरचा आकडा, ठोके नाहीसे होतात तो खालचा. आताचं डिजिटल यंत्र ठोके ऐकत नाही. ते पट्ट्यातल्या हवेची थरथर टिपून त्यावरून हिशेब करतं. म्हणून माणूस बोलला, हलला किंवा नाडी अनियमित असली, की तो हिशेब चुकू शकतो. हात हृदयाच्या पातळीपेक्षा वीतभर खाली राहिला, तर नुसत्या रक्ताच्या भाराने आकडा पंधराएक मिलिमीटरने चढतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरीही तो खोटा चढतो. चहा, तंबाखू, मशेरी यांनंतर निदान अर्धा तास थांबायला हवं. १४० आणि ९० या रेषेवर माणसाला रुग्ण ठरवायचं, तर हा फरक किरकोळ नाही.

उलट चूक मला जास्त छळते. रजिस्टर उघडावं तर वरपासून खालपर्यंत १३०/८०, १२०/८०, पुन्हा १३०/८०. खरोखर मोजले, तर शंभर माणसांचे आकडे असे सगळे शून्यावर संपत नाहीत. त्यातला एखादा खरा १५८ वाला गोळीविना घरी जातो आणि पुढे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळतो. याचा दोष मी सिस्टरना देणार नाही. त्याच दिवशी लसीकरण, त्याच दिवशी ऑनलाइन नोंदी, त्यात नेटवर्क गेलेलं, आणि संध्याकाळी वरून विचारणा एकच: आज किती जणांची तपासणी झाली?

महोदय, हा आकडा विचारणं बंद करा. पाच मिनिटं बसवून, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजलं का, ते विचारा. रजिस्टरमध्ये दुसऱ्या मोजणीचा रकाना छापून घ्या. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजायला सांगा. प्रत्येक उपकेंद्राला पाठ टेकता येईल अशी खुर्ची, दंडाचा घेर मोजायला टेप आणि लहान, मध्यम, मोठा असे तीन पट्टे द्या. आमच्या दमट हवेत पट्ट्याचं वेल्क्रो सैल पडतं, रबरी नळीला चिरा जातात. यंत्रांची वर्षातून एकदा तपासणी ठरलेल्या महिन्यात झालीच पाहिजे.

औषधांचं काम आपल्याकडे झालेलं आहे, हेही सांगते. २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात घेतलेल्या जिल्ह्यांत आमचा शेजारी सिंधुदुर्ग होता. ठरलेली औषधं, ठरलेला क्रम, रुग्णाचा पाठपुरावा ही घडी तिथे बसली. पण या घडीचा पायाच मोजणीवर आहे.

शेवटची मागणी खलाशांसाठी. बोटीवर दिवसचे दिवस जाणाऱ्या माणसाला सोमवारची ओपीडी गाठता येत नाही. सुकी मासळी, खारातल्या कैऱ्या, पापड हे आमच्या ताटात रोजचं, आणि जागतिक आरोग्य संघटना तर दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पावसाळी मासेमारी बंदीत हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड इथल्या बोटी किनाऱ्याला असतात. तेव्हा बंदरावरच्या एखाद्या शेडमध्ये चार खुर्च्या मांडून निवांत मोजणी करता येईल. ज्यांना गोळी लागेल त्यांना ऑगस्टमध्ये बोटी सुटण्याआधी निदान दोन महिन्यांचा साठा हातात द्यावा. त्यासाठी खरेदीचा आदेश मार्चपर्यंत निघायला हवा, नाहीतर गोळ्या येईपर्यंत खलाशी समुद्रात गेलेले असतात.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी