पाट आणि खडू हातात देणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं आता ओळखीनं कळतं. बागेत नेहमी येणाऱ्यांना हे पत्र कुणाला आहे ते लगेच समजेल. ज्यांना समजणार नाही त्यांनीही वाचावं, म्हणून उघडपणे लिहितोय. समोरासमोर बोलायला मी कोजागिरीला आलो होतो, पण "आधी त्या दुधाकडे बघा, उतू जाईल" म्हणून तुम्ही मला पातेल्याजवळ उभं केलंत आणि दुसरीकडे निघून गेलात.

नवरात्रात आपल्या बागेत भोंडला झाला. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या हातात एक लाकडी पाट आणि खडू दिलात आणि म्हणालात, "हत्ती तुम्ही काढायचा." त्याबद्दल हे पत्र आहे. बाकीचंही पुष्कळ आहे, पण खरं पत्र एवढ्याचंच आहे.

ते मला एवढं का भिडलं, हे सांगायचं तर गेल्या वर्षीचं सांगावं लागेल. लेकीची आई गेली, त्यानंतरचं ते पहिलं नवरात्र. तेव्हा आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या सोसायटीत राहत होतो. तिथला भोंडला दणक्यात असायचा. मांडव, माइक, उत्कृष्ट नऊवारीला बक्षीस, फोटो काढायला फुलांची कमान. सूचनेत लिहिलं होतं, फक्त महिला आणि मुलींसाठी. त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं आणि आजही नाही. बायकांना वर्षातून एक संध्याकाळ हक्काची, मोकळी मिळाली तर ती मिळायलाच हवी. मी फक्त एवढंच विचारलं होतं, की पोर लहान आहे, आई नाही, मला कोपऱ्यातल्या एखाद्या खुर्चीवर, तिला दिसेन असं बसू द्याल का? उत्तर आलं, "तुम्ही सोडून जा, कुणीतरी बघेल." मी सोडलं आणि फाटकाबाहेर थांबलो. थोड्या वेळानं लेक बाहेर आली. रडत नव्हती. म्हणाली, "बाबा, गोल करताना सगळ्यांनी आपापल्या आईचा हात धरला, माझा एक हात तसाच राहिला."

नंतर समितीतल्या एका बाईंनी मला समजावलं, "हौस असेल तर तिला नातेवाइकांकडे पाठवा ना." त्या वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी तिथे एवढ्या बायका होत्या आणि 'कुणीतरी बघेल'मधलं ते 'कुणीतरी' त्यांच्यापैकी एकही झाली नाही, हे मी विसरू शकलेलो नाही. मांडवाला, माइकला, बक्षिसांना सगळ्यांना वेळ होता.

माझं बालपण कऱ्हाडचं. आमच्याकडे भोंडला म्हणत नाहीत, हादगा म्हणतात. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सोळा दिवस. भिंतीवर हत्तींचं चित्र लावायचं, त्याला फळांच्या, भाज्यांच्या माळा घालायच्या. पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जायचं. शेवटी शेवटी गाणी संपता संपत नसत. आम्ही मुलगे पायऱ्यांवर बसून असायचो. फेर बहिणींचा, पण खिरापत ओळखायला आम्हालाही तोंड उघडायची परवानगी होती. जिची खिरापत कुणालाच ओळखता यायची नाही, ती त्या दिवशीची राणी. म्हणजे फेर मुलींचाच असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या फेराला पायऱ्या होत्या, आणि त्या पायऱ्यांवर बसलेल्यांना कुणी उठवत नसे.

यंदा आम्ही कोथरूडला राहायला आलो. बागेच्या फाटकाजवळ हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला होता. भोंडला, अमुक वारी, खिरापत आपापली, सगळ्यांनी यावं. 'सगळ्यांनी' या शब्दावर माझा विश्वास बसला नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही. लेकीला म्हटलं, बघून येऊ, नाही आवडलं तर घसरगुंडी आहेच.

आम्ही आलो तेव्हा तुम्ही सतरंजीचे कोपरे ओढत होतात. तुम्ही आमच्याकडे पाहिलंत. लहान मुलीबरोबर एकटा बाप दिसला की लोक पहिला प्रश्न काय विचारतात, ते मला आता पाठ आहे. "आई नाही आली?" दुकानात, शाळेच्या फाटकाशी, लग्नात. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण उत्तर दर वेळी पोरीसमोर द्यावं लागतं. तुम्ही ते विचारलं नाहीत. तुम्ही तिला विचारलंत, "तुझा आवाज मोठा आहे का? मग पुढे उभी राहा, मला गाण्याला माणसं कमी पडतायत." आणि मग माझ्याकडे वळून पाट आणि खडू.

काकू, तुम्ही मला एखादी खुर्ची दिली असतीत तरी मी तुमचा ऋणी राहिलो असतो. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे लोक बघतात आणि हा इथे का, असं मनात म्हणतात. हत्ती काढणाऱ्या माणसाला तसं कुणी म्हणत नाही. पाट फेराच्या मधोमध असतो. त्या पाटाभोवती सगळं फिरतं. तुम्ही मला कडेला जागा करून दिली नाहीत, मधोमध काम दिलंत. आणि ते इतक्या सहज, की ते मुद्दाम केलंत की खरंच हत्ती काढायला कुणी नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी गुडघे टेकून हत्ती काढायला लागलो आणि पाच मिनिटांत भोवती पोरं जमली. सोंड वर हवी की खाली, यावरून जोरदार वाद झाला. तुम्ही डब्यांतून तांदूळ, मसूर, मुगाची डाळ आणून दिलीत आणि पोरांनी हत्तीचं अंग भरायला घेतलं. डोळ्याला काळा उडीद माझ्या लेकीनं लावला. तो दाणा घसरला की पुन्हा लावायची. तोपर्यंत तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुली चिकटून बसल्या होत्या. त्या तिघी पुढे पूर्ण वेळ एकमेकींच्या हातात हात घालून होत्या. मी पाटापासून उठून बाकावर जाऊन बसलो ते तिच्या लक्षातही आलं नाही. मात्र फेर सुरू व्हायच्या आधी ती मोठ्यानं सगळ्यांना सांगत होती, "हा हत्ती माझ्या बाबाचा आहे." आवाज मोठा आहे तिचा, तुमचा अंदाज बरोबर होता.

आमची खिरापत होती दडपे पोहे. डबा हलवून आवाज आला नाही, त्यामुळे सगळे अडले. "गोड की तिखट? चमच्यानं खायचं की हातानं?" सगळं विचारून झालं. कुणालाच ओळखता आली नाही. घरी येईपर्यंत लेक त्याच आनंदात होती.

त्यानंतर आम्ही बागेतलं काहीच चुकवलं नाही. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही पोरांना आपट्याचं झाड दाखवायला नेलंत. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पानं विकतात, दोन्ही पानं दुभंगलेलीच असतात, पण आपट्याचं पान लहान आणि जाड, हे तुम्ही पोरांच्या तळहातावर दोन्ही ठेवून सांगितलंत. आणि फांदी ओरबाडायला निघालेल्या एका गृहस्थांना थांबवलंत. एकेका पोराला एकच पान मिळेल, खाली पडलेलं. माझ्या लेकीनं ते वहीत ठेवलंय. आता रस्त्यानं जाताना ती मला झाडं ओळखायला लावते. बुचाची फुलं पडायला लागल्यापासून तर रोज सकाळी आमची शाळेची बस चुकायची वेळ येते, कारण दोरा न घेता देठांची वेणी घालायला तुमच्याच बाकावर शिकलीये ती.

कोजागिरीचं मात्र थोडं सविस्तर लिहायलाच हवं. आटवलेलं दूध, चारोळी, जायफळ, कागदी पेल्यांत चंद्र बघायला माना वाकवलेली पोरं, हे सगळीकडे असतं. पण तुम्ही तबक आणलं होतंत. आश्विन पौर्णिमेला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, ही रीत मी आईकडून ऐकलेली होती. आमच्या घरी गेल्या वर्षी ते राहून गेलं होतं. तुम्ही जाहीर केलंत, "जे जे घरात थोरले आहेत त्यांनी रांगेत बसायचं, वयाची अट नाही." एक सत्तरीचे आजोबा खरोखर येऊन मांडी घालून बसले. त्यांना ओवाळणारं घरात कुणी उरलं नसेल, असं मला उगाच वाटून गेलं. लेक त्यांच्या शेजारी बसली होती. दोघांच्या कपाळाला तुम्ही एकाच बोटानं कुंकू लावलंत. तिथे मी दुधाचं पातेलं ढवळत होतो, आणि मला ते ढवळणं असल्याचं फार बरं वाटलं. मान खाली घालायला कारण होतं.

दिवाळीत किल्ला. संभाजी बागेत दरवर्षी किल्ले मांडतात, ते लेकीनं पाहिलेले होते, पण चिखलात हात घालायला कधी मिळालं नव्हतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोरांनी किल्ला करायचा कुठे? तुम्ही मागच्या भिंतीजवळचा कोपरा मिळवलात. त्यासाठी किती जणांकडे खेपा घातल्यात ते तुम्ही कधी सांगितलं नाही. दगड, विटा, भिजवलेली पोती, त्यावर माती. राजगडच करायचा म्हणून मोठी मुलं अडून बसली. मग पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि वर बालेकिल्ला. लेकीकडे अळीव पेरायचं आणि पाणी मारायचं काम. अळिवाचे कोंब फुटले त्या सकाळी तिनं मला झोपेतून उठवलं होतं. मावळे आणायला आम्ही कसब्यात कुंभारवाड्यात गेलो, आणि तिनं घासाघीस करून महाराजांच्या मूर्तीबरोबर एक गवळणही घेतली. गडावर गवळण हवीच, कारण दूध घेऊन कोण येणार, हा तिचा मुद्दा होता. एका मुलानं हरकत घेतली, तेव्हा तुम्ही त्याला म्हणालात, "माणसं राहायची रे गडावर. नुसत्या तलवारी नव्हत्या राहत."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपण पुण्यात कार्यक्रम फार करतो. गणपतीपासून दिवाळी पहाटेपर्यंत शहराला उसंत नसते, आणि मला ते आवडतं, मी त्यासाठीच इथे राहिलो. पण कार्यक्रम नीट पार पडला की नाही हे आपण कशावरून ठरवतो? गर्दी किती झाली, आवाज नीट आला का, फोटो चांगले आले का. आलेल्यांत कुणाचा हात मोकळा राहिला, हे मोजायला कुणी उभं नसतं. ते तुम्ही करता. माणुसकी हा फार मोठा शब्द आहे आणि तो भाषणात वापरून वापरून झिजलाय. मला जी दिसली ती अशी होती. दारात आलेल्या माणसाची चौकशी न करता त्याला लगेच हाताशी काहीतरी देणं. ज्याला आपल्या हातून काही करता येतं, त्याला आपण परके आहोत असं फार वेळ वाटत नाही. माझ्याप्रमाणे ते आजोबाही आता रोज संध्याकाळी झारी घेऊन कुंड्यांशी दिसतात. झारी त्यांना कुणी दिली, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

आणि त्या जुन्या सोसायटीतल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना एकच विनंती. पुढच्या नवरात्रात मांडव थोडा लहान चालेल. फाटकाबाहेर कुणी उभं आहे का, ते एकदा जाऊन बघा.

लेकीनं तुमच्यासाठी चित्र काढलंय. हत्तीच आहे, सोंड वर. वाद मिटला असं तिचं म्हणणं आहे. ते मी वेगळं आणून देईन.

काकू, बागेतल्या तुळशीच्या लग्नाची यादी बाकावर बघितली. उसाच्या पुढे नाव लिहिलेलं नव्हतं. मी माझं लिहिलंय. चिंचा आणि आवळे लेकीकडे. मागच्या फाटकानं आणतो, पुढे गर्दी असते. अंतरपाट धरायला दोन माणसं लागतील, एक मी आहे. दुसरं कोण, ते तुम्ही ठरवा.

तुमचा नम्र,
हत्तीवाल्या मुलीचा बाबा