तळघरातला पंखा रात्री बंद ठेवू नये

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय : सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील एक्झॉस्ट पंखा चोवीस तास चालू ठेवणे व वायुमापक बसवणेबाबत

महोदय,

वीजबचतीसाठी तळघरातला एक्झॉस्ट पंखा रात्री बंद ठेवण्याच्या निर्णयाला माझा ठाम विरोध आहे. सभेत एक सभासद म्हणाले, सांडपाण्याच्या गाळातून निघणाऱ्या मिथेन वायूने दमा होतो. दुसरे म्हणाले, मिथेन विषारी नाही, घाबरायचे कारण नाही. दोन्ही विधाने अर्धवट आहेत आणि निर्णय मात्र दुसऱ्या विधानाच्या भरवशावर झाला.

मिथेन स्वतः फुप्फुसाला इजा करत नाही, हे खरे. पण बंद जागेत साठला की तो ऑक्सिजनची जागा घेतो, आणि हवेत 5 ते 15 टक्के झाला तर स्फोटाला एक ठिणगी पुरते. दम्याशी त्याचा संबंध आडवाटेने येतो. वातावरणात वर्षानुवर्षे राहून तो जमिनीलगतच्या ओझोनमध्ये भर घालतो, आणि ओझोनमुळे श्वासनलिकांचा दाह होतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2021 चा अहवाल सांगतो की मानवनिर्मित मिथेन 45 टक्क्यांनी घटवला, तर दम्यापायी रुग्णालय गाठण्याचे 7 लाख 75 हजार प्रसंग दरवर्षी टळतील. हा हिशेब साऱ्या जगाचा आहे, आपल्या तळघराला तो लावता येणार नाही.

आपल्या तळघरात खरी भीती आहे ती मिथेनच्या सोबतीने येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडची. हवा न मिळालेल्या गाळातून हे दोन्ही वायू निघतात. सडक्या अंड्यांसारखा वास येतो तो याचाच. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, खोकला येतो. दमेकऱ्यांना जास्तच त्रास. प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेले की नाकाची संवेदनाच बधिर होते. म्हणजे सुरक्षारक्षक 'आता वास येत नाही' म्हणतो, तेव्हा हवा सुधारली असेल किंवा फार बिघडली असेल. नाकाला ते कळणार नाही. पंपाच्या पॅनेलमध्ये तांब्याच्या तारांची उघडी टोके काळी पडली आहेत, ती कृपया स्वतः पाहा. या वायूने तांबे असेच काळवंडते.

म्हणून पंखा चोवीस तास चालू राहावा. मिथेन हवेपेक्षा हलका, त्याचा मापक छताजवळ लावावा; हायड्रोजन सल्फाइड जड, त्याचा जमिनीपासून फार वर नको. दोन्हींच्या नोंदी सूचना फलकावर लागाव्यात. आणि टाकीत कोणालाही उतरवू नये, हे मी आग्रहाने लिहितो. आत कोणी कोसळले, तर त्याला वाचवायला धावलेला माणूसही तिथेच पडतो, असे अपघात वारंवार झाले आहेत. सफाई यंत्रानेच करून घ्यावी.

मापक येतील तेव्हा येतील, पंखा मात्र आज रात्रीपासूनच सुरू करावा, ही विनंती. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. मी उपस्थित राहीन.

आपला,
पहिल्या मजल्यावरील एक सभासद