मोतीबिंदूचे आकडे छापता, निसटलेले पडदे कोण मोजणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

'आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी संबंधितांकडे वर्ग करण्यात आला आहे,' हे आपल्या कार्यालयाचं पत्र काल मिळालं. अर्ज होता डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे आतल्या रेटिनाच्या, उपचारांबद्दल. आभारी आहे. पण साहेब, अर्ज वर्ग होतो, डोळा होत नाही.

मी मराठवाड्यातला निवृत्त शिक्षक. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिबिरात झालं. फुकट झालं, चांगलं झालं, खोटं कशाला बोलू? काळा चष्मा मिळाला, पुढाऱ्यासोबत फोटोही निघाला. काही महिन्यांनी डोळ्यात विजा चमकू लागल्या, काळे ठिपके तरंगू लागले, मग खालून सावली चढायला लागली. हे धोक्याचं लक्षण, असं शिबिरात एकानेही सांगितलं नव्हतं. ग्रामीण रुग्णालयात थेंब दिले. जिल्ह्याला सांगितलं, "पडद्याचे डॉक्टर नाहीत, संभाजीनगरला जा."

तिथे कळलं की पडद्याला वरच्या बाजूला बारीक फाट पडली होती. वेळेत पोचलो असतो तर डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडून, लेझर मारून बहुधा त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. पण तोवर पडद्याचा मधला, बारीक अक्षरं वाचणारा भागही सुटला होता. मग अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांतून विट्रेक्टॉमी केली, म्हणजे डोळ्यातला जेलीसारखा भाग काढून आत गॅस भरला. टाका पडला नाही. पडदा बसला, नजर गेली ती गेलीच. गॅस विरेपर्यंत मान खाली घालून राहा आणि विमानात बसू नका, असं बजावलं. विमानात तुम्ही बसता. मान खाली घालायची सवय मात्र आम्हाला आहे.

मोतीबिंदूनंतर हजारात पाच-दहा जणांचा पडदा सुटतो म्हणतात. राज्यात वर्षाला लाखो ऑपरेशनं होतात. म्हणजे माझ्यासारखे हजारो! आकडा चुकला असेल तर खात्याने खोडून दाखवावा. पण खात्याला उद्दिष्टपूर्ती तेवढी मोजता येते. अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. २०१२ च्या जीवनदायी योजनेला २०१७ मध्ये नवं नाव दिलंत. नाव बदलायला डॉक्टर लागत नाही, फ्लेक्सवाला पुरतो!

मागणी मोठी नाही. सुट्टी देताना धोक्याची लक्षणं लिहिलेली मराठी चिठ्ठी हातात द्या. जिल्ह्याला पडद्याचा सर्जन द्या, नाहीतर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचवणारी गाडी द्या.

उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकलाय. शिबिरवाले विचारतात, "गुरुजी, यादीत नाव घालू का?" आधी पडद्याच्या डॉक्टरचा पत्ता द्या, मग घाला.

आपला,
एक निवृत्त शिक्षक