मुलाला घरी पाठवलेत, सिस्टर कुठे आहेत? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी रात्री दीड वाजता आमच्या गावातील वीज गेली आणि माझ्या पाच वर्षांच्या मुलाच्या गळ्यातील नळीतून कफ ओढणारे सक्शन मशीन बंद पडले. त्याचे ओठ निळे पडू लागले, तेव्हा मी मोबाइलचा उजेड धरला आणि त्याच्या आईने मोठ्या सिरिंजला कॅथेटर जोडून हाताने कफ ओढला. ही युक्ती तिला वॉर्डातील एका मावशींनी जाता जाता सांगितली होती.

मेंदूज्वरानंतर 47 दिवस अतिदक्षता विभागात काढून तो घरी निघाला, तेव्हा ‘आठवड्यातून दोनदा सिस्टर घरी येतील’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. त्याला तीन महिने झाले. सिस्टर अजून वाटेत असाव्यात. प्रशिक्षण म्हणाल, तर मी डिस्चार्जच्या कागदांसाठी रांगेत उभा असताना पत्नीला वीस मिनिटांत नळीची सफाई दाखवण्यात आली, तेवढेच.

उपचार योजनेतून मोफत झाले, त्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु आयुष्मान भारत योजनेत घरी गेल्यानंतरचा खर्च 15 दिवसांपुरताच धरला जातो आणि माझ्या मुलाची नळी सोळाव्या दिवशी गळून पडत नाही. आशाताई नवजात बाळाकडे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आणि पुढे पंधरा महिन्यांपर्यंत ठरलेल्या भेटी देतात. माझा मुलगा त्या वयाचा राहिलेला नाही, हा त्याचाच दोष. खासगी सिस्टर बारा तासांचे पंधराशे रुपये मागतात, म्हणजे महिन्याचे पंचेचाळीस हजार, आणि माझा पगार बावीस हजार आहे. पत्नीने शिवणकाम सोडले, आम्ही दोघे आळीपाळीने जागतो. अतिदक्षतेतील खाटेचा दिवसाचा खर्च दहा हजार धरा, कमीच धरतो आहे. त्यात सिस्टरच्या किती फेऱ्या बसल्या असत्या?

ज्या महाराष्ट्रात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांतील बायकांना शिकवून नवजात बाळे घरीच वाचवून दाखवली, तेथे घरची शुश्रूषा कोणालाच ठाऊक नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र इमारतीची फीत कापता येते, घरी आलेल्या सिस्टरची कशी कापणार?

तालुक्याला नळीची देखभाल जाणणारी एक सिस्टर आणि बॅटरीवर चालणारे सक्शन मशीन उसने मिळावे, एवढीच विनंती आहे. अर्ज कोणाकडे करायचा, तेही कळवावे. रुग्णालय, तालुका आणि जिल्हा या तिन्ही ठिकाणी ‘आमच्याकडे नाही’ हे ऐकून झाले आहे.

आपला,
एका मुलाचा बाप, सोलापूर जिल्हा