आरशाभोवती एक सूत जागा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत उभ्या आरशाला घरीच लाकडी चौकट कशी करावी, याविषयीचा मजकूर वाचला. सुट्टीच्या दिवशी वाचकांनी हातात करवत घ्यावी हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. परंतु आरसा सहा फुटांचाच घ्यावा, काच चौकटीत घट्ट बसवावी आणि मागे कोणतेही सिलिकॉन लावून आरसा भिंतीला चिकटवावा, या त्यातील तीन सूचना जशाच्या तशा पाळल्या तर पैसे वाया जातील आणि एखाद्याच्या बोटालाही इजा होईल, असे मला वाटते. शिवाजी उद्यमनगरातील फौंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, करण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली; त्या अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे.

पॅटर्नचे काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली जाते. ओतलेले बीड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा ठेवावा लागतो. हा हिशेब आयुष्यभर पाळणारा मी घरच्या आरशाच्या वेळी मात्र तो साफ विसरलो. ऐन आषाढात आंब्याच्या नुकत्या चिरलेल्या पट्ट्या स्वस्तात मिळाल्या, त्यांची चौकट केली आणि तिच्यात काच इतकी चपखल बसवली की पाहणाऱ्याने वाहवा करावी. पाहणाऱ्यांनी ती केलीही. हिवाळा सरला, चैत्राचे ऊन तापले, पट्ट्या वाळल्या, चौकटीला पीळ पडला आणि एके सकाळी काचेला डाव्या खालच्या कोपऱ्यापासून थेट डोळ्यांच्या उंचीपर्यंत तडा गेलेला दिसला. फौंड्रीच्या बिडाला फुटामागे एक सूत देता आणि घरच्या आरशाला नाही, एवढेच आमच्या सौ. म्हणाल्या.

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र ते हवेतील ओलाव्यानुसार फुगते आणि आकसते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटाची जी दारे अडकतात ती उन्हाळ्यात खुळखुळी होतात, हे प्रत्येक घराने पाहिलेले आहे. काच मात्र आपल्या मापाची राहते, म्हणून या दोघांच्या मध्ये मोकळी जागा ठेवणे हा चौकटीच्या कामाचा पाया आहे. काचेच्या चारही बाजूंना एकेक सूत जागा सोडली तर बाहेरून ती कोणाला दिसत नाही, कारण चौकटीची पुढची कड तिला झाकते.

लाकूड कोणते घ्यावे, यावर फार चर्चेची गरज नाही. जे वाळलेले आहे ते घ्यावे. आपल्याकडे जुने वाडे उतरवले जातात तेव्हा तुळयांचे आणि दारांच्या चौकटींचे सागवान विक्रीस येते. कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहिलेले हे लाकूड नव्या पट्टीपेक्षा कमी हलते, आणि पॅटर्नसाठी आम्हीही सागवानालाच पसंती देत असू. मात्र त्यात जुने खिळे रुतलेले असतात. रंधा लावण्यापूर्वी पट्टीवरून लोहचुंबक फिरवावे, नाहीतर रंध्याचे पाते पहिल्याच हाताला गेले म्हणून समजावे. नवीन लाकूड घेतले तर ते ज्या खोलीत आरसा लागणार आहे तिथेच दोन-तीन आठवडे हवेशीर ठेवावे आणि पावसाळ्यात चिरलेले लाकूड शक्यतो टाळावे.

आता आरशाच्या मापाविषयी. संपूर्ण देह दिसण्यासाठी आरसा आपल्या उंचीच्या निम्मा असला तरी पुरतो, आणि आपण आरशापासून जवळ उभे राहिलो किंवा लांब, यात फरक पडत नाही. प्रकाशाचा आपात कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात, या शाळेत शिकलेल्या नियमाचाच हा परिणाम आहे. आरशाची खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर आणि वरची कड डोळे व माथा यांच्या मध्यावर आली की माथ्यापासून पायातल्या कोल्हापुरी चपलेपर्यंत सगळे दिसते. घरात सहा फुटांचा मुलगा आणि चार फुटांची नात असेल तर मुलाला जमिनीपासून सुमारे ३४ ते ७० इंचांमधली आणि नातीला सुमारे २२ ते ४६ इंचांमधली काच लागते. म्हणजे खालची कड २२ इंचांवर ठेवून लावलेला ४ फुटांचा आरसा दोघांनाही पुरतो. सहा फुटांची काच घेतली की वजन आणि खर्च वाढतो, आणि त्यातला बराच भाग फक्त समोरची भिंत दाखवतो.

काच ५ मिमी जाडीची घ्यावी. त्याहून पातळ काच चौकटीत जरा दबली तरी वाकते आणि माणूस आहे त्यापेक्षा रोड किंवा लठ्ठ दिसू लागतो. ४ फूट बाय दीड फुटाची ५ मिमी काच सुमारे ७ किलो भरते. मागचे प्लाय आणि चौकट धरून एकूण वजन १२-१३ किलोंच्या घरात जाते, हे भिंतीवर लावताना लक्षात ठेवावे.

काच बसण्यासाठी चौकटीच्या आतल्या कडेला मागून खाच लागते. ज्यांच्याकडे राउटर (खाच कोरणारे विजेचे यंत्र) किंवा खाच पाडण्याचा रंधा नाही त्यांनी जाड पट्टीत खाच पाडण्याच्या भरीस पडू नये. अर्धा इंच जाडीच्या पट्ट्यांचे दोन थर एकावर एक डकवले तर खाच आपोआप तयार होते. पुढच्या थराच्या पट्ट्या अडीच इंच रुंद घ्याव्यात. मागच्या थराच्या पट्ट्या तीन सूत कमी, म्हणजे सव्वादोन इंचांना एक सूत कमी रुंदीच्या घ्याव्यात आणि दोन्ही थरांच्या बाहेरच्या कडा जुळवाव्यात. ४८ बाय १८ इंचांच्या काचेसाठी पुढच्या थरात साडेबावन्न इंचांच्या दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये साडेसतरा इंचांच्या दोन आडव्या पट्ट्या येतात. मागच्या थरात क्रम उलटा करावा. तिथे साडेबावीस इंचांच्या आडव्या पट्ट्या सलग आणि सव्वाअठ्ठेचाळीस इंचांच्या उभ्या पट्ट्या मध्ये बसतात. त्यामुळे पुढचा सांधा मागे आणि मागचा सांधा पुढे झाकला जातो आणि कोपरे एकमेकांत अडकून पक्के होतात. ४५ अंशांचा सांधा दिसायला देखणा असतो, पण नवख्या हाताने केला तर दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यात फट दिसू लागते. दोन्ही थर मिळून साधारण २४ फूट पट्टी लागते. कापताना चूक होणारच, म्हणून २८ फूट आणावी.

फेव्हिकॉल लावून क्लॅम्प आवळले की लगेच गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावावा, पण त्यावरच विसंबू नये. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही ५७ इंच आणि एक सूत आले तर चौकट काटकोनात आहे. एक कर्ण जास्त भरला तर चौकट त्याच दिशेने हलकेच दाबावी. गोंद वाळला की हे करता येत नाही.

चौकटीला पॉलिश करायचे ते काच बसवण्याआधी, आणि चारही अंगांना, मागच्या बाजूलासुद्धा. एकाच बाजूला पॉलिश केलेली पट्टी दुसऱ्या बाजूने ओल ओढत राहते आणि वाकडी होते. जवसाच्या तेलाचा हात देणाऱ्यांनी तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप तापून पेटू शकतो, म्हणून चिंध्या पसरून वाळू द्याव्यात. आणखी एक बारकावा म्हणजे खाचेची आतली बाजू काळ्या रंगाने रंगवावी. आरशाचा चमकता थर काचेच्या मागे असतो, त्यामुळे न रंगवलेल्या खाचेचे कच्चे लाकूड काठाशी प्रतिबिंबात दिसत राहते आणि पाहणाऱ्याला काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही.

काच खाचेत ठेवताना खालच्या कडेखाली ३ मिमी जाडीच्या रबराचे दोन तुकडे, दोन्ही टोकांपासून पाव लांबी सोडून ठेवावेत. काचेचे सगळे वजन त्यांच्यावर येते. मागून ६ मिमी प्लाय लावावे आणि ते खिळ्यांनी न ठोकता स्क्रूने बसवलेल्या पत्र्याच्या छोट्या पट्ट्यांनी अडकवावे, म्हणजे काच पुढे कधी बदलायची झाली तर चौकट मोडावी लागत नाही. घरात लहान मुले असतील तर काचेच्या मागे सेफ्टी फिल्म, म्हणजे काच फुटली तरी तुकडे धरून ठेवणारा चिकट पापुद्रा, चिकटवून घेणे चांगले.

तिसरी सूचना सगळ्यांत घातक आहे. आपण अजून ‘आरशाचा पारा गेला’ असे म्हणतो, पण आजच्या आरशात पारा नसतो. १८३५ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रासायनिक रीत दाखवली आणि पाऱ्याची जागा हळूहळू चांदीने घेतली. त्या थराला मागून रंगाचे कवच असते. बाजारात सहज मिळणाऱ्या आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येणाऱ्या सिलिकॉनमधून वाळताना ॲसेटिक आम्ल बाहेर पडते. ते या कवचातून आत शिरते आणि काही महिन्यांत आरशावर मागच्या सिलिकॉनच्या रेघांप्रमाणे काळे डाग उमटतात. चिकटवायचेच असेल तर नळीवर ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले सिलिकॉन घ्यावे. पण चौकट असताना चिकटवायचेच कशाला? आमच्याकडे पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींना ओल येते, आणि भिंतीला चिकटलेला आरसा ती ओल पाठीवर घेऊन बसतो.

त्याऐवजी एक पट्टी लांबीत ४५ अंशांनी तिरकी चिरावी. एक भाग चौकटीला आणि दुसरा भिंतीला, तिरक्या कडा एकमेकींत अडकतील अशा रीतीने लावावा. भिंतीत ड्रिलने भोके पाडून, प्लॅस्टिकच्या गिट्ट्या घालून निदान चार स्क्रू आवळावेत. गिलावा भुसभुशीत असेल तर स्क्रू विटेपर्यंत पोहोचेल एवढे लांब घ्यावेत. चौकटीच्या खालच्या बाजूला त्याच जाडीचे दोन टेकू लावले की आरसा सरळ राहतो आणि मागून हवा खेळते. साफ करताना पाणी काचेवर न फवारता कापडावर घ्यावे, कारण ओघळ खालच्या कडेशी साचतो आणि काळे डाग बहुधा तिथूनच सुरू होतात.

जागेअभावी पत्राचा बाकीचा भाग वगळावा लागला तरी हरकत नाही, परंतु आंबट वासाच्या सिलिकॉनविषयीचा मजकूर येत्या रविवारच्या आत छापावा, ही विनंती. पुरवणी वाचून आमच्या गल्लीतल्या दोघांनी ती नळी आणून ठेवली आहे.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त पॅटर्न मेकर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर