“हे वेगळं आहे, ताई”

प्रति,
मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून सरळ सांगते. अकरा दिवसांपूर्वी रात्री साडेनऊला माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीचा कान ठणकत होता, अंगात १०२ ताप होता. आमच्या गावात बालरोगतज्ज्ञ नाही. तालुक्याला आहेत, त्यांचा दवाखाना आठला बंद होतो. मी जवळच्या मेडिकलमध्ये गेले. चिठ्ठीशिवाय गेले, ही माझी चूक आणि ती मी मान्य करते.

काउंटरवर जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता. त्याच्या डोक्यावर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये लावलेलं होतं. फार्मासिस्ट नव्हता. मी बजावून सांगितलं, हिला मागच्या वर्षी अमॉक्सिसिलीन या अँटिबायोटिकने अंगभर गांधी उठल्या होत्या, ते देऊ नको. तो म्हणाला, “हे वेगळं आहे, ताई.” बाटलीवरचं नाव खरंच वेगळं होतं. त्यानेच पावडरीत पाणी घालून हलवून दिलं. किती द्यायचं? “एक-एक चमचा.” मुलीचं वजन विचारलं नाही. लहान मुलाचा डोस वजनावर ठरतो आणि घरातला प्रत्येक चमचा ५ मिलीचा नसतो, हे मला नंतर कळलं.

वीस मिनिटांत तिचे ओठ सुजले. मग खोकला, मग छातीत घरघर. दिराने मोटरसायकल काढली, मी तिला पोटाशी धरून मागे बसले. चौदा किलोमीटर मी फक्त तिचा श्वास ऐकत होते. एकदा तो ऐकू आला नाही तेव्हा मी किंचाळले, तर ती रडली, आणि त्या रडण्याने मला धीर आला. ग्रामीण रुग्णालयात सिस्टरने लगेच मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. मुलगी वाचली. मग सिस्टरने बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचून दाखवली: अमॉक्सिसिलीन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड.

साहेब, १९४५ च्या औषध नियमांत लिहिलं आहे की अशी औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची आणि नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली द्यायची. त्याच नियमांतली शेड्यूल एच-वन ही जास्त कडक यादी १ मार्च २०१४ पासून लागू आहे. तिच्यातल्या सेफिक्झिमसारख्या अँटिबायोटिकची विक्री वहीत लिहायची, वही तीन वर्षं ठेवायची. अमॉक्सिसिलीन त्या यादीत नाही, आणि लहान मुलांना तर तेच सर्रास दिलं जातं. २०१६ साली लाल रेघेची मोहीम निघाली: पाकिटावर लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आमच्या गावात ती रेघ कशासाठी आहे हे कुणालाच माहीत नाही.

मी तक्रार द्यायला गेले. “बिल आणा,” म्हणाले. बिल दिलंच नव्हतं, हीच तर तक्रार! दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथले साहेब मीटिंगला. मजुरी बुडवून मी तीन खेपा घातल्या.

तुम्हाला ही एका बाईची रड वाटत असेल. २०१९ साली जंतू औषधांना दाद देईनासे झाल्याने जगात साडेबारा लाखांवर माणसं गेली आणि त्यांतलं दर पाचवं पाच वर्षांखालचं मूल होतं. साध्या सर्दीला, जी बहुतेकदा विषाणूची असते आणि जिला अँटिबायोटिक लागतच नाही, आमच्याकडे तीन दिवसांची अँटिबायोटिकची बाटली मिळते. उद्या खरा न्यूमोनिया झाला तर ते औषध चालेल का? आणि चाललं नाही तर जबाबदार कोण, तो एकोणीस वर्षांचा पोरगा? रात्री आठनंतर आजारी पडणाऱ्या लेकरांसाठी या राज्यात काय सोय आहे? मतं मागायला रात्री दहालाही आमच्या दारात गाड्या येतात. डॉक्टर का येत नाही?

माझं मागणं मोठं नाही. मुलांच्या औषधावर घटकाचं नाव मराठीत, ठळक अक्षरांत छापा. बाटलीसोबत मिलीच्या खुणांची सिरिंज सक्तीची करा. अमॉक्सिसिलीनचीही वही ठेवायला लावा, आणि ती वही तपासायला कुणीतरी न सांगता येऊ द्या. ॲलर्जी झालेल्या मुलाच्या कार्डावर ती लाल शाईने लिहिली जावी.

ती बाटली आमच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे ठेवली आहे. पाणी घातल्यावर ते औषध सात दिवसच चालतं. आज अकरावा दिवस आहे. पुरावा म्हणून मी ती फेकलेली नाही. माणूस पाठवा, मी ती त्याच्या हातात देते.

आपली,
एक आई
सोलापूर जिल्हा