गोळीचा डोस का वाढला

कोथरूड, पुणे

ती. बाबा व सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

लॅमोट्रिजीन या माझ्या फिटवरच्या गोळीचा डोस वाढवला हे फोनवर ऐकून आईचा जीव टांगणीला लागला आहे, हे मला जाणवले. दिवस गेले असताना गोळ्या कमी व्हायच्या सोडून वाढतात कशा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझा आजार बळावलेला नाही. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक पुष्कळ वाढते आणि त्याच्या प्रभावाने यकृत या औषधाचा निचरा फार वेगाने करू लागते. त्यामुळे गोळी वेळच्या वेळी घेऊनही रक्तातले औषध काही जणींत निम्म्याहून खाली उतरते आणि फिट येण्याची शक्यता वाढते. डॉक्टर रक्त तपासून, दिवस जाण्यापूर्वीच्या पातळीशी ताडून डोस ठरवतात. म्हणजे गोळ्या वाढल्या तरी रक्तातले औषध पूर्वीइतकेच राखले जाते. मोठी फिट आली आणि मी पडले, तर बाळाला होणारी इजा या गोळ्यांच्या धोक्यापेक्षा अधिक गंभीर असू शकते.

गोळ्यांमुळे बाळात व्यंग येईल, ही काकू म्हणतात ती भीती मुख्यतः व्हॅल्प्रोएट या फिटवरच्याच दुसऱ्या औषधाची आहे. ते घेणाऱ्या मातांच्या 100 पैकी सुमारे 10 बाळांत जन्मजात दोष आढळतात. म्हणूनच डॉक्टरांनी माझे ते औषध आधीच बदलले होते. फॉलिक अ‍ॅसिडही तेव्हापासून सुरू आहे.

खरी मदत बाळंतपणानंतर लागेल. तेव्हा संप्रेरके झपाट्याने उतरतात, दोन-तीन आठवड्यांत रक्तातले औषध वर चढते आणि वाढवलेला डोस टप्प्याटप्प्याने खाली आणावा लागतो. त्याचे वेळापत्रक डॉक्टर फाइलमध्ये लिहून देणार आहेत. आई, त्या दिवसांत माझा तोल जाऊ लागला, मला एकाची दोन दिसू लागली किंवा सारखी मळमळ झाली, तर ते बाळंतिणीचा अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नकोस. लगेच डॉक्टरांना फोन कर. बाळाला मी अंगावरच पाजणार आहे, त्याला डॉक्टरांची संमती आहे. मात्र जागरणाने फिट येऊ शकते, म्हणून रात्रीच्या एका वेळचे काढून ठेवलेले दूध बाबांनी पाजावे आणि बाळाची आंघोळ मी एकटीने घालू नये, एवढे आपण आत्ताच ठरवू या.

गोळी घेतलीस का, असे रोज विचारा. मला बरेच वाटेल. बंद कर असे मात्र कोणाच्याही सांगण्यावरून म्हणू नका. पुढच्या तपासणीला बाबांनी सोबत यावे, त्यांच्या शंका डॉक्टरांनाच विचारता येतील.

तुमची,
ताई